उपळेकरांची बारा कारणं

उपळेकरकाकांच्या टेबलावरून पुढे जायचं असेल तर कारण सांगावं लागतं. त्यांचं टेबल नेमकं पॅन्ट्रीच्या वाटेवर आहे, त्यामुळे चहाला उठलेला प्रत्येक जण दिवसातून तीन-चारदा तरी त्यांच्या तावडीत सापडतो. मान खाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातातलं पेन चालू, आणि प्रश्न एकच, "कारण?"

नवीन माणूस गडबडतो. "चहा," म्हणतो.

"वैद्यकीय की सामाजिक?"

डोकं दुखत असेल तर तो चहा वैद्यकीय. चकाट्या पिटायच्या असतील तर सामाजिक. आणि कोणी "असंच, जरा मजा म्हणून" असं बोलून गेला की काका पहिल्यांदा मान वर करतात आणि ठेवणीतलं वाक्य काढतात, "मजा हा खाना नाही."

पहिले सहा महिने मी त्यांना सरळसरळ वेडा समजत होते. आता अकरा वर्षं झाली. अजूनही समजते, पण आता मला त्यांचा राग येत नाही.

आमची कंपनी लोकांच्या प्रवासाची व्यवस्था करते. तिकिटं, व्हिसा, हॉटेलं, कॉन्फरन्सेस. ऑफिस दुबई मरीनात, सतराव्या मजल्यावर. खिडकीतून बोटी दिसतात, पाणी दिसतं, पाण्याकडे तोंड करून बसलेले सुखी लोक दिसतात. काकांनी खिडकीकडे पाठ करून टेबल लावलेलं आहे. कंपनी दुबईत असली तरी मालक अमेरिकेतले. अमेरिकेचे क्युबावर निर्बंध आहेत, आणि मालकच तिथले म्हटल्यावर ते निर्बंध आमच्याही गळ्यात पडतात. म्हणजे आमच्यामार्फत कोणाला क्युबाला जायचं असेल तर तिकडच्या सरकारने ठरवलेल्या बारा कारणांपैकी एक कारण त्याच्याकडे असावं लागतं. नातेवाइकांची भेट, पत्रकारिता, शिक्षण, धर्मकार्य, संशोधन, सार्वजनिक कार्यक्रम, मानवतावादी मदत, असे फॉर्मवर बारा खाने. प्रवाशाने आपला खाना निवडायचा, सही करायची, नाव-पत्ता द्यायचा, आणि आम्ही तो कागद पाच वर्षं सांभाळायचा. सरकारने मागितला की काढून दाखवायचा. समुद्रकिनारी लोळायला जाणं या बारांत बसत नाही. मजा हा खाना खरोखरच नाही.

या कागदांचे सर्वेसर्वा म्हणजे उपळेकर. महिन्याला असे प्रवासी येऊन येऊन किती येणार, चार किंवा पाच. दुसऱ्या कोणीही दहा मिनिटांत खूण करून घेऊन माणसाला वाटेला लावलं असतं. काकांना अख्खी दुपार लागायची. कारण सरकारी फॉर्मच्या मागे ते स्वतःचा एक रेघारेघांचा कागद टाचायचे. वर स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं असायचं, की आपण का जात आहात ते आपल्या शब्दांत, आपल्या हाताने लिहावे.

हा कागद नियमात नव्हता. आमचा मॅनेजर बिजू, त्रिशूरचा, सज्जन माणूस, त्याने शंभरदा सांगितलं असेल, "काका, टिक मार्क इनफ है. एस्से क्यूं लिखवाते हो?"

"टिक तो सबका सेम रहता है, बिजू," काका म्हणायचे. त्यांच्या हिंदीला वेंगुर्ल्याचं पाणी लागलेलं आहे. "फिर आदमी कौन सा, वो कैसा कळेगा?"

एकदा माझ्याच ओळखीचे जोगळेकर नवरा-बायको आले. आयटीतले, मरीनातच राहणारे, लग्नाचा दहावा वाढदिवस. त्यांना क्युबातल्या त्या जुन्या रंगीबेरंगी गाड्यांबरोबर फोटो काढायचे होते. काकांनी ठेवणीतलं वाक्य ऐकवलं. जोगळेकर हार मानणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवशी आले ते बायकोला संशोधक करूनच. वहिनींचे वडील सांगलीकडे साखर कारखान्यात होते, तेव्हा त्या म्हणे तिथल्या उसाचा तौलनिक अभ्यास करणार होत्या.

काका प्रसन्न झाले. "उत्तम! मग रोजचं वेळापत्रक लिहा. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. कोणतं शेत, कोणाची भेट, उसाची जात कोणती."

वहिनींनी दीड दिवसापर्यंत ऊस लिहिला. नंतर त्यांचं पेन अडलं. काकांनी मदतीच्या भावनेने मळीबद्दल काही प्रश्न सुचवले. शेवटी जोगळेकर जॉर्जिया देशात गेले. तिथून त्यांनी मला बर्फातला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "काकांना सांग, इकडे मजेला खाना आहे."

मी तो फोटो काकांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "छान दिसतायत दोघं. पण स्वेटर पातळ आहेत."

ऑफिसबाहेरही हा माणूस असाच. गणपतीत मराठी मंडळाच्या हॉलच्या दाराशी त्यांना पाहुण्यांच्या वहीवर बसवलं होतं. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नावापुढे ते खाना लिहीत होते. आरतीला आलेले ते धार्मिक. लेझीमवाले सार्वजनिक कार्यक्रम. आणि थेट मोदकांच्या रांगेत घुसणारे ते सगळे मानवतावादी मदत. अध्यक्षीणबाईंनी रात्री वही उघडली तेव्हा त्या स्वतः शेवटच्या गटात होत्या.

आमच्याकडे ते वर्षातून एकदा जेवायला येतात. वयाने मी त्यांच्या मुलीसारखी, तरी मला 'नेहाताई' आणि अहोजाहो. हातात खजुराचा डबा, त्यावर दुकानाची पावती टाचलेली. "खजूर बदलून घ्यायचा झाला तर तोंडी कोण ऐकतो?" मागच्या खेपेला त्यांनी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला गाठलं.

"सुट्टीत कुठे जाणार, इरा?"

"पुणे."

"कारण?"

इराने माझ्याकडे पाहिलं. "मम्मा, व्हाय इज ही इंटरव्ह्यूइंग मी?" मग तिनेच विचार करून उत्तर दिलं, "बिकॉज आजी मेक्स मी स्लीप नेक्स्ट टू हर."

खिशातून डायरी काढून काकांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. नवरा मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "हा माणूस एकटा राहून राहून कामातून गेलाय." खरं तर काकांबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं. लग्न केलेलं नाही, गावी भावाचं कुटुंब आहे, शारजात एका जुन्या इमारतीत एका खोलीत राहतात. घरच्यांबद्दल विचारलं की "आहेत सगळे" म्हणायचे आणि विषय संपवायचे.

गेल्या वर्षी बिजूने मला केबिनमध्ये बोलावलं. शारजाच्या औद्योगिक भागात एका गोदामात आमची खोकी ठेवलेली आहेत, काकांच्या कागदांची, एकूण तीस. त्यातल्या बहुतेक फायलींची पाच वर्षं उलटून गेलेली. नवीन कामं आता सगळी कॉम्प्युटरवर. वरून आदेश आला होता, की जुने कागद मशीनमध्ये घालून बारीक करा आणि गोदाम रिकामं करा.

"और काका?" मी विचारलं.

बिजूने पेपरवेट फिरवलं. काका एकसष्ट वर्षांचे. व्हिसा संपायला पाच महिने. हेड ऑफिसचं म्हणणं, की कागदच नाहीत तर कागद सांभाळणारा कशाला? "बॉक्स खलास, तो काका का व्हिसा भी खलास. मैं क्या करूं नेहा, मेरे हाथ में नहीं है." आणि खोकी संपवण्याच्या कामावर देखरेख कोणाची, तर माझी.

मी दोन दिवस काकांची नजर चुकवत राहिले. पॅन्ट्रीत जायचं टाळून खालून चहा मागवला. तिसऱ्या दिवशी बातमी कळून तेच माझ्या टेबलाशी आले. "नेहाताई, तोंडी नको. लेखी आदेश द्या."

मी लेखी दिला. तिथून जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही.

आधी त्यांनी विचारलं, की कागद नष्ट केले याची नोंद करावी लागेल, तर ती नोंद किती वर्षं सांभाळायची? हेड ऑफिसला मेल गेला. तिकडे कोणालाच माहीत नव्हतं. उत्तर यायला तीन आठवडे. मग पाच वर्षं कधीपासून मोजायची, माणूस निघाला तेव्हापासून की परतला तेव्हापासून? पुन्हा मेल. पुन्हा दोन आठवडे. मग फायलीत एकाच कुटुंबातले दोन प्रवासी असतील आणि एक आधी परतला असेल तर? हा मेल वाचून अमेरिकेतल्या कोणा बाईंनी बिजूला फोन करून विचारलं, की हे मिस्टर उपळेकर वकील आहेत का.

शेवटी ऑगस्टमध्ये मी त्यांना हाताला धरून गोदामात नेलं. बाहेर रस्त्यावर गॅरेजांचा खडखडाट, आत पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात एक पंखा, तोही गरम हवा इकडची तिकडे करणारा. भाड्याने आणलेलं कागद बारीक करायचं मशीन मी चालू केलं. "यल्ला काका, चला, द्या पहिलं खोकं."

काकांनी पहिलं खोकं उघडलं. एक फाइल काढली. वाचली. मागचा रेघांचा कागद वाचला. परत ठेवली. दुसरी काढली. वाचली. मी मशीनशेजारी उभी राहून घाम पुसतेय आणि हे आपले वाचतायत! दुपारी तीनला मी पाहिलं तर आमच्याकडून फक्त एक खोकं संपलं होतं, आणि त्यात कोऱ्या फॉर्मांचे गठ्ठे होते.

मी चिडले. उन्हाने, भुकेने, आणि मनातल्या अपराधी भावनेने जास्तच चिडले. "काका, मला कळत नाही असं समजू नका. तुम्ही वेळ काढताय. पण असं करून व्हिसा वाचायचा नाही."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "व्हिसाचं कोण बोलतंय, नेहाताई?"

मला वाटलं, स्वाभिमानी माणूस आहे, कबूल कसं करणार. मी मशीन बंद केलं. त्यानंतर मीच ढिलाई केली. कधी मशीन बिघडलं म्हणून सांगितलं, कधी इराला ताप आला म्हणून. बिजूला सगळं कळत होतं, पण तोही विचारत नव्हता. व्हिसाचे दिवस मात्र एकेक करून कमी होत होते, आणि ते सगळ्यांच्या लक्षात होते.

व्हिसा संपायला सोळा दिवस राहिले असताना हेड ऑफिसचा मेल आला. बिजू केबिनमधून जवळजवळ पळत बाहेर आला. नियम बदलला होता. पाचाची दहा वर्षं झाली होती! तिकडे वकिलांच्या बैठकीत कोणाला तरी हा बदल उशिरा दिसला होता आणि धावाधाव झाली होती. बाकीच्या शाखांनी आपले जुने कागद हौसेने बारीक करून टाकले होते. जिच्याकडे सगळं जागच्या जागी होतं अशी शाखा एकच, आमची. त्या अमेरिकन बाईंनी मेलमध्ये मिस्टर उपळेकरांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं होतं. खोकी राहणार, काका राहणार, व्हिसा दोन वर्षांनी वाढणार.

आम्ही केक मागवला. काकांनी केकचा तुकडा घेताना स्वतःच जाहीर केलं, "सामाजिक," आणि ऑफिस हसून हसून लोळलं.

गर्दी पांगल्यावर बिजूने मला आत बोलावून ड्रॉवरमधून एक कागद काढला. "ये देखो. दो महीने पहले दिया था मुझे."

काकांच्या मोत्यासारख्या अक्षरातला अर्ज होता. इंग्रजीत, चारच ओळी. माझा व्हिसा वाढवू नये, आज रद्द केलात तरी माझी तक्रार नाही. फक्त कागद नष्ट करण्याआधी या सर्व प्रवाशांना एकेकदा फोन करण्याची परवानगी मिळावी.

"मैंने बोला, पॉसिबल नहीं है, डेटा का इश्यू है," बिजू म्हणाला. "पूछा भी, क्यूं करना है फोन. कुछ बोला ही नहीं."

मी तो कागद हातात धरून उभी राहिले. दोन महिन्यांपूर्वी म्हणजे गोदामात मी त्यांच्यावर ओरडले त्याच आठवड्यात. मला स्वतःची लाज वाटली.

आणि गंमत बघा, आता तीच परवानगी वरून हुकूम म्हणून आली. कागद आणखी पाच वर्षं ठेवायचे म्हणजे नाव-पत्ते बरोबर हवेत, तेव्हा जुन्या प्रवाशांना फोन करून पत्ता तपासून घ्यावा. काका त्याच दुपारी पहिली फाइल घेऊन बसले. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो, आणि पत्ते कॉम्प्युटरवर चढवायला मी त्यांच्या शेजारीच बसले होते.

पलीकडे एक बाई होती. मारिसोल, क्युबाचीच, तेव्हा दूर अबू धाबीकडे रुवैसच्या रिफायनरीच्या वसाहतीत नर्स असलेली. सहा वर्षांपूर्वी क्युबाला गेली होती. काकांनी तिला नाव विचारलं, पत्ता विचारला. ती आता शारजाला राहायला आली होती. त्यांनी इमारत, मजला, खोली, पोस्टाचा नंबर, सगळं दोनदा वाचून दाखवलं. "थँक यू, मॅडम. रेकॉर्ड कम्प्लीट."

मला वाटलं आता फोन ठेवतील. ठेवला नाही. पेनाला टोपण लावलं, फाइल मिटली, आणि खाकरून म्हणाले, "मॅडम, वन मोअर थिंग. नॉट फॉर फाइल. युवर मदर... शी न्यू यू?"

मी हळूच हात लांब करून फाइल उघडली. मागच्या रेघांच्या कागदावर वाकड्यातिकड्या इंग्रजीत दोनच ओळी होत्या. आई सगळं विसरत चालली आहे. तिला माझं नाव आठवतंय तोवर मला जायचं आहे.

"वन टाइम," स्पीकरमधून आवाज आला. आवाज हलत होता, पण ती हसत होती. "दुसऱ्या दिवशी, सकाळी, कॉफी पिताना. एकदाच म्हणाली मारिसोल. मग दिवसभर मला शेजारीण समजत होती." थोडं थांबून तिने विचारलं, "तुम्हाला कसं आठवलं? तेव्हापासून हे मला कोणीच विचारलं नव्हतं."

"वन टाइम इज गुड, मॅडम," काका एवढंच दोनदा म्हणाले.

त्यानंतर ती बराच वेळ बोलत होती. आई नंतर वर्षभराने गेली. त्या सकाळचा एक फोटो आहे. तो तिला काकांना दाखवायचा होता. आपणही शारजातच राहतो, असं काकांच्या तोंडून निघून गेलं, तेव्हा रविवारी येऊ का, असं तिने विचारलं. काका 'येस मॅडम, येस मॅडम' म्हणत राहिले, आणि मग त्यांनी फोन ठेवला.

"काय हो काका," मी म्हटलं, "किती जणांचं असं पाठ आहे तुम्हाला?"

"सगळ्यांचंच थोडं थोडं आहे." ते फाइलवरून हात फिरवत होते. "तिकीट हातात दिलं की माणूस जातो, नेहाताई. पुढे काय झालं ते सांगायला परत कोण येतो? एक जण वडिलांशी भांडण मिटवायला गेला होता. एकाला भावाचं लग्न गाठायचं होतं, विमान उशिरा सुटलं. पोचला का, नाही पोचला? मी घरी गेलो तरी हेच डोक्यात फिरत बसतं. दुसरं काही नसतं ना तिकडे."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. अकरा वर्षं मी या माणसाचे किस्से घरोघर रंगवून सांगत होते.

काकांनी डायरी उघडली, मिटली. मग इकडेतिकडे बघून, बिजू ऐकत नाही ना याची खात्री करून, खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"नेहाताई, तिला मी हो तर म्हटलंय. पण घरी कोणी आलं तर काय करायचं असतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे पोहे चालतील? की केक आणायचा? माझ्याकडे अजून कोणी आलेलं नाही हो. शारजात मला सव्वीस वर्षं झाली, पण तशी वेळच आली नाही. खुर्ची एक आहे. कपही एकच आहे."

आम्ही त्यांना दर वर्षी जेवायला बोलावत होतो आणि त्याचा आम्हाला केवढा अभिमान होता! त्यांच्याकडे आपण कधी जावं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"पोहे पळतील," मी म्हटलं. "मी येते सकाळी, कांदा मी चिरते. इराला आणते, नवऱ्याला आणते. खुर्च्या त्याच्या डोक्यावरून आणते."

काकांचा चेहरा उजळला, आणि लगेच काळजीत पडला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, डायरीत आमची तिघांची नावं लिहिली, चौथी मारिसोल, आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे माझ्यासकट पाच कप," ते म्हणाले. "आज घरी जाताना चार घेतो."